‘तंदुरुस्त जवानाच्या हृदयाला आगीत काय होणार?’

‘अग्निशमन जवानांना खरा धोका ज्वाळांचा आणि धुराचा असतो, ते तंदुरुस्त असतात, भरपूर पाणी पितात, आणि आग विझली की धोकाही संपतो’, अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. तपासायला घेतल्यास त्यातले एकही विधान टिकत नाही.

धोका कशाचा, हे आधी पाहू. अमेरिकेत १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार या मृत्यूंपैकी सुमारे ३९ टक्के मृत्यू हृदयविकाराने झाले होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानांचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, तरी हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के मृत्यू त्याच वेळात ओढवले.

तंदुरुस्तीने धोका कमी होतो, हे मान्य; पण तो नाहीसा होत नाही. एडिनबरा येथील संशोधकांनी १९ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या जवानांना सरावाच्या आगीत उतरवले, तेव्हा त्यांच्या शरीराचे तापमान सुमारे एक अंशाने वाढले, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती बळावली आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही वाढलेले आढळले.

पाण्याचा मुद्दा वरवर पटण्याजोगा आहे, म्हणूनच तो अधिक फसवा. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच शरीर थंड होते. आणि श्वसनयंत्रासह वीस किलोंहून अधिक भरणाऱ्या जाड पोशाखात तो वाळायला वावच नसतो. पाण्याने भरलेला होज (आग विझवण्याची जाड नळी) ओढत जिना चढणाऱ्या जवानाच्या स्नायूंना रक्त हवे असते, उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे असते, आणि नेमके त्याच वेळी घामामुळे रक्तातला द्रवभाग घटत असतो. हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाल्याने प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त बाहेर पडते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी ठोके वाढत जातात. प्यायलेले पाणी गमावलेल्या द्रवाची भरपाई करते. साठलेली उष्णता मात्र तशीच राहते.

आग विझताच धोका संपतो म्हणावे, तर वरच्याच अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचे सुमारे १७ टक्के मृत्यू कामगिरीवरून परततानाचे आहेत. म्हणूनच बाहेर आलेल्या जवानाचे हेल्मेट व कोट लगेच उतरवावेत, त्याचे हात कोपरापर्यंत थंड पाण्यात बुडवून ठेवावेत आणि नाडी पूर्ववत झाल्याखेरीज त्याला पुन्हा आत पाठवू नये.