परिस्थितीला क्रेडिट देऊ नका प्लीज

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच. दारुड्या बापाच्या लेकीने मिळवले इतके टक्के, खाली हात जोडल्याचे इमोजी, आणि कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की सोनं आगीतूनच उजळून निघतं. यावेळी एका नातेवाइकांनी असली पोस्ट फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली माझं नाव घालून लिहिलं, आपल्या घरात पण आहे एक उदाहरण. म्हणून लिहायला बसलेय. लांब होईल, वेळ नसेल तर सोडून द्या.

तर ते उदाहरण मी. इचलकरंजी, चोवीस तास मागांचा खडखडाट, वडील मागावर कामाला. पगाराच्या रात्री आम्ही दोघं भावंडं सायकलचा आवाज ऐकत पडलेलो असायचो. सायकल नीट भिंतीला टेकली तर आज निभावलं, धाडकन पडली की आई उठून पहिली विळी आणि बत्ता कॉटखाली सरकवायची. एकदा माझी दोन पुस्तकं पाण्याच्या बंबात गेली तेव्हापासून मी दप्तर घरात ठेवायचंच बंद केलं. पुढचं सांगत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहिती आहे आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांना त्याचा व्हिडिओ करायचा नाहीये मला.

आई बिचारी वगैरे पण नव्हती हं. तिने सोसलं खूप, पण तिचा राग आमच्याच पाठीवर निघायचा आणि भांडण झालं की बापाशी बोलायला मला पाठवायची, जा विचार जेवणार का. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला. सोसणारी आई म्हणजे देवी असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मुद्दा. मला एक धाकटा भाऊ आहे. तेच घर, तोच बाप, तीच परिस्थिती, तोच बंब. त्याने आठवीत शाळा सोडली, मागावर गेला, आणि आज तोही पितो. त्याची कोणी पोस्ट टाकत नाही. परिस्थिती माणसाला घडवते म्हणता ना, मग त्याला का नाही घडवलं? तो काही माझ्यापेक्षा ढ नव्हता, उलट गणितात माझ्यापेक्षा हुशार होता.

फरक काय होता सांगू? शेजारच्या मामी. आमच्याकडे आवाज चढला की त्या दारातून हाक मारायच्या, "ए पोरी, कोथमीर निवडायची राहिलीय बघ, जरा ये." रात्री साडेदहाला कसली कोथिंबीर! पण हाक मारायच्या. मी जायचे, खरंच एखादी जुडी समोर असायची, कधीतरी नुसते शेंगदाणे. काय झालं, कशाला भांडतायत, एक शब्द विचारला नाही कधी. माझं दप्तर त्यांच्या कपाटावर असायचं, त्यांच्या ट्यूबखाली अभ्यास व्हायचा आणि बऱ्याचदा मी तिथेच झोपायचे. आईला पण ते चालायचं कारण लोकांना सांगायला कारण होतं, पोरगी कामाला बोलावलीय.

आणि भाऊ? मुलग्याला कोथिंबीर निवडायला कोण बोलावतं हो? तो जायचा बाहेर, चौकातल्या कट्ट्यावर, आणि तिथे त्याला ज्यांनी जवळ केलं ते काय शिकवणार ते शिकवून मोकळे झाले. पोरगं आहे, त्याला काय होतंय, फिरून येईल, असंच सगळे म्हणायचे. मामी पण. त्यांना दोष देत नाहीये, पण माझ्या वाट्याला एक दार आलं ते मी मुलगी होते म्हणून, आणि त्याला ते मिळालं नाही ते तो मुलगा होता म्हणून. हे मला फार उशिरा कळलं.

नंतर कधीतरी हवाईमधल्या काउआई बेटावरच्या अभ्यासाबद्दल वाचलं. एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आणि रूथ स्मिथ यांनी 1955 साली त्या बेटावर जन्मलेली जवळपास सातशे मुलं घेतली आणि ती चांगली मोठी होईपर्यंत त्यांच्या मागावर राहिल्या. गरिबी, व्यसन, घरात भांडणं असं सगळं एकदम वाट्याला आलेली जी मुलं होती त्यातली साधारण एक तृतीयांश नीट मोठी झाली. लोक एवढंच शेअर करतात, बघा जिद्द! अहो पण म्हणजे तिघांतल्या दोघांना त्रास झालाच ना. आणि जी तरली त्यांच्यात पुन्हा पुन्हा काय सापडलं, तर स्वभाव वगैरे होताच, पण त्याबरोबर कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. मी वाचताना हसले, म्हटलं चला, मामी हवाईत पण आहेत.

आणि "बाहेर पडलीस" म्हणजे काय नक्की? नोकरी आहे, घर आहे, नवरा चांगला आहे. पण त्याने किचनमध्ये भांडं जरा जोरात ठेवलं की मी आतून विचारते, चिडलायस का? तो बिचारा पातेलं घासत असतो. 1998 साली अमेरिकेत साधारण साडेनऊ हजार लोकांचा एक अभ्यास आला होता, लहानपणी घरात मार, व्यसन, हिंसा जितकी जास्त तितकं मोठेपणी डिप्रेशन, व्यसनं, अगदी हृदयविकाराचंही प्रमाण जास्त. म्हणजे आगीतून निघालेल्यांना भाजलेलं पण असतं. ते टक्क्यांत दिसत नाही एवढंच.

सगळ्यांना बापाची दारू सोडवायची घाई असते. सोडवा की, मुक्तांगण 1986 पासून पुण्यात तेच काम करतंय आणि चांगलं करतंय. पण बाप सुधारायला दहा वर्षं लागली तर पोरगं तेवढ्यात मोठं होऊन जातं. त्याला आज रात्री झोपायला जागा पाहिजे. दप्तर ठेवायला कपाट पाहिजे. आणि मारहाण जिवावर येतेय असं दिसलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालतो. घरगुती मामला म्हणून टीव्हीचा आवाज वाढवू नका, आमच्या चाळीत निम्म्या घरांत तेच व्हायचं.

माझे वडील आता पीत नाहीत, डॉक्टरनी घाबरवलं म्हणून. नातवंडांना गोळ्या-बिस्किटं देतात, सगळे म्हणतात किती गोड आजोबा. औषधांचे पैसे मी देते, दिवाळीला जाते, पण रात्री तिथे राहत नाही आणि पोराला तिथे एकटं ठेवत नाही. भावाला मात्र कोणी असं गोड म्हणत नाही, त्याच्या दोन मुलींना आम्ही सुट्टीत आमच्याकडे आणतो, आणि यंदा मोठीला इथल्याच शाळेत घालायचं चाललंय, वहिनी तयार आहे, भाऊ अजून नाही.

कमेंटमध्ये "शेवटी बाप आहे" लिहिणार असाल तर राहू दे, ते मी लहानपणापासून ऐकतेय.