त्रिनिदादला जाऊन ‘इंडियन फूड’ शोधू नका

आधी कबुली देते. परदेशी सहलीला निघताना बॅगेच्या कोपऱ्यात मॅगीची आठ पाकिटं, मेतकूट आणि छोटा राइस कुकर कोंबणाऱ्या जमातीतलीच मी आहे. काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीच्या थंडीला कंटाळून एका कॅरिबियन बेटावर गेलो होतो. बेटाचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. रिसॉर्टवाल्यांनी पहिल्याच दिवशी मनगटाला प्लास्टिकचा पट्टा बांधला. खाणंपिणं सगळं त्यात आलं म्हणे. पुढचे चार दिवस तिन्हीत्रिकाळ तोच बुफे. कलिंगडाच्या फोडी, पांढऱ्या सॉसमधला पास्ता, आणि एका कोपऱ्यात ‘लोकल’ अशी पाटी लावलेलं सपक चिकन. बेटावरच्या माणसांना त्या कुंपणाच्या आत फक्त ताटं उचलताना पाहिलं. ते काय जेवतात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री खोलीत मॅगी केली आणि ‘चला, आपलं ते आपलं’ असं म्हणत खाल्ली. आता आठवलं की लाज वाटते.

त्यामुळे या एप्रिलमध्ये सासूबाई पुण्याहून आल्या आणि नवऱ्याने त्रिनिदादचं काढलं, तेव्हा माझी एकच अट होती: पट्टा नको. खरं तर त्रिनिदादला ती भीती कमीच. हे बेट तेल आणि नैसर्गिक वायूवर जगतं, पर्यटकांवर नाही. रिसॉर्ट वगैरे हवं असेल तर शेजारच्या टोबॅगोला जायचं. आणि हीच खाणाऱ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. जिथे टपरीवाल्याला रोज सकाळी तेच ते गिऱ्हाईक सांभाळायचं असतं, तिथे तो वाईट करून चालतच नाही. ‘कॅरिबियनला कुठे खावं?’ असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर बेट निवडण्यापासूनच सुरू होतं.

पहिली सकाळ. टॅक्सीवाले काका साठी उलटलेले. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी आधी 1971चा क्रिकेट दौरा काढला. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला सरदेसाईंचं शतक, गावसकरांचं पदार्पण, मग त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत दाढ दुखत असताना 124 आणि 220. सासूबाईंना क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, पण ‘वाडेकर’ ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली. नाश्त्याचं विचारलं तर काकांनी हॉटेलच्या दिशेने हात झटकला आणि गाडी क्युरेपच्या चौकात नेऊन उभी केली.

डबल्स. नाव ऐकून काही बोध होत नाही. हळद घातलेल्या मैद्याचे, यीस्टने फुगवलेले, तळलेले दोन मऊ ‘बारा’ (म्हणजे वडाच, उच्चार फिरलाय), त्यांच्यावर पळीभर छोले, वर काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मसालेदार लोणचं, आणि मिरचीचा सॉस. हे सगळं कागदात गुंडाळून हातात मिळतं आणि उभ्याउभ्या खायचं असतं. गोष्ट अशी सांगतात की 1930च्या दशकात प्रिन्सेस टाउनमधलं डीन कुटुंब एका बाऱ्यावर छोले घालून विकायचं. गिऱ्हाइकं ‘डबल कर’ म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. आपल्या ‘कटिंग’च्या नेमकं उलट. एकाची किंमत साधारण एक अमेरिकन डॉलर. रोख पैसे ठेवा, आणि तेही टीटी, म्हणजे त्रिनिदाद-टोबॅगोचे डॉलर. रांगेत ऑफिसला निघालेल्या बायका, पोलीस, शाळेची पोरं, सगळ्या वर्णांची माणसं. मागवायची पद्धत अशी की आकडा सांगायचा आणि तिखटाचं माप: ‘टू, स्लाइट’. स्लाइट म्हणजे किंचित.

नवरा कोल्हापूरचा. त्याने ‘हेवी’ म्हटलं.

पुढचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मोरुगा नावाचं गाव आहे आणि तिथल्या स्कॉर्पियन मिरचीला 2012 साली न्यू मेक्सिकोतल्या मिरची-संशोधकांनी जगातली सर्वात तिखट मिरची ठरवलं होतं. लवंगी मिरचीचा अभिमान विमानतळावरच जमा करून पुढे जावं.

या सगळ्या गोंधळात टपरीवाल्या पोराने सासूबाईंना विचारलं, ‘आजी, पेप्पर?’ त्या चमकून मागे वळल्या. कोण मराठी भेटलं बाई इथे! मराठी नव्हतं कोणीच. तिथल्या भोजपुरीतून आलेल्या बोलीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. आईची आई ती नानी. एवढ्या एका शब्दावर सासूबाई विरघळल्या आणि पुढचे सहा दिवस रस्त्यावरच्या खाण्याबद्दल त्यांनी एकही तक्रार केली नाही. या त्याच बाई आहेत, ज्या पुण्यात पाणीपुरीवाल्याचे हात तपासतात.

आता मुद्द्यावर येते. जाण्याआधी आमच्या ओळखीतल्या तीन जणांनी बजावलं होतं, ‘तिथलं इंडियन फूड ऑथेंटिक नसतं हं.’ रोटी मैद्याची असते, करीत एकच पावडर, डाळीत कोथिंबीर नाही. सगळं खरं आहे, आणि सगळं निरर्थक आहे. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं. 1917पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला आणली गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. आपल्याकडची जवळजवळ नाहीत, त्यामुळे ‘आपले लोक’ म्हणून मिरवण्याचाही आपल्याला फारसा हक्क नाही. त्यांना चक्कीचा आटा कुठून मिळणार? बाहेरून येणाऱ्या मैद्याची रोटी झाली. हरभऱ्याच्या डाळीची जागा पिवळ्या वाटाण्याच्या डाळीने घेतली. कोथिंबिरीऐवजी लांब पानांची, जास्त उग्र वासाची एक रानवनस्पती सापडली, तिला शॅडो बेनी म्हणतात, आणि जुनी माणसं बनधनिया. पावणेदोनशे वर्षं हे असं शिजत आलंय. याला आपल्या स्वयंपाकाची बिघडलेली नक्कल म्हणणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा.

आणि आपलं तरी कुठे सगळं ‘ऑथेंटिक’? उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्याचा होतो तो टॅपिओकाचा कंद, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची, सगळ्यांचं माहेर अमेरिका खंडात. हे मी सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘असेल. पण जिरं आपलं.’ जिऱ्यावर मी वाद घातला नाही.

तरीही एक मान्य करते. तुलना करू नका असं मी तावातावाने लिहितेय, पण तिथे आम्ही दिवसभर दुसरं काही केलंच नाही. सॅन फर्नांडोजवळ डेबे नावाचं गाव आहे. तिथे रस्त्याच्या कडेने तळणीच्या टपऱ्यांची ओळच आहे. फुलौरी म्हणजे वाटाणाडाळीची गोल भजी, चिंचेच्या चटणीत बुडवून. लांबट ‘आलू पाय’, म्हणजे बटाटा भरून तळलेली पाय. आणि सहिना. सहिना हातात घेतल्यावर सासूबाईंनी आधी वास घेतला, मग कड मोडून पाहिली. ‘अगं, अळूवडी!’ डॅशीनच्या, म्हणजे अळूच्याच पानांना डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेली. फक्त आपल्यासारखा वर खोबरं-तिळाचा साज नाही. मधोमध चीर देऊन त्यात छोले आणि कुचेला भरतात. त्याच पानांचं नारळाचं दूध आणि भेंडी घालून शिजवलेलं कललू म्हणजे अळूच्या फदफद्याचं सावत्र भावंड. पण शाकाहारी मंडळींनी इथे जपून. कललूत बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं. बिचकू नका, सरळ विचारा. वाईट कोणालाच वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी तर त्रिनिदादची धास्ती घेऊच नये. रोटीच्या दुकानात ‘भाजी’ म्हटलं की पालेभाजीच मिळते, तळलेलं काही नाही. भोपळा मिळतो, चना-आलू मिळतं. वांग्याचं आणि टोमॅटोचं भाजून केलेलं ‘चोका’ म्हणजे भरीत, वरून लसणाची चरचरीत फोडणी. तिला ते ‘चंके’ म्हणतात. सालीसकट शिजवलेली कैरीची करी खाल्ल्यावर मेथांबा आठवला नाही तर मला सांगा. दिवाळीच्या सुमारास जाणार असाल तर चग्वानासजवळ दिवाळी नगर भरतं. नऊ रात्री, सगळं शाकाहारी, दारू नाही. आम्ही चुकलो, याची सासूबाईंना अजून हळहळ आहे.

रोट्यांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मागवताना फजिती होते. दालपुरीत वाटलेली डाळ भरलेली असते, म्हणजे पुरणपोळीची तिखट-मिठाची चुलतबहीण. तिच्यात भाजी नाहीतर मटण गुंडाळून देतात. दुसरी ‘बस-अप-शट’. पराठा तव्यावरच बडवून बडवून चिंध्या करतात, फाटक्या शर्टासारख्या, म्हणून हे नाव. ही वेगळ्या ताटात येते आणि हाताने खायची असते. नवऱ्याला काट्याचमच्याने खाताना पाहून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. चिकन असो की बोकड, तुकडे हाडासकट असतात. घाईघाईने चावाल तर दाताच्या डॉक्टरकडे जाल.

मराकसच्या किनाऱ्यावर बेक अँड शार्क खायचं हे प्रत्येक जण सांगतो, मीही सांगते, पण थोडं अडखळत. राजधानीपासून पाऊण तासाचा घाटरस्ता, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधलेला. वाटेत थांबून ‘चाउ’ खायचं: अननस किंवा कैरीच्या फोडींना मीठ, मिरची, लसूण, बनधनिया. शाळेबाहेरच्या कैरीवालीची आठवण येतेच. किनाऱ्यावर तळलेल्या जाड फुगीर रोटीत, बेकमध्ये, तळलेला मासा घालून हातात देतात, पुढे चटण्यांच्या भांड्यांची रांग असते आणि तिथे माणसाचा तोल जातो. शार्क म्हणजे आपली मोरी, मालवणी घरात काही नवल नाही. पण शार्कची संख्या जगभर घटतेय आणि त्रिनिदादमध्येही यावर बोललं जातं. किंगफिशचा बेक मिळतो, तो सुरमईचा जवळचा नातलग. आम्ही तोच घेतला आणि मोरीची आठवण कोणाला झाली नाही.

टोबॅगोला विमानाने वीसेक मिनिटांत पोचता येतं. स्टोअर बेला बायकांनी चालवलेल्या टपऱ्यांची रांग आहे, मिस अमुक, मिस तमुक अशा पाट्यांची. खेकड्याची करी आणि पिठाचे जाड डम्पलिंग. माझा बारा वर्षांचा मुलगा एरवी माशाचा काटा पाहून नाक मुरडतो. त्याने तासभर एकही शब्द न बोलता नांग्या फोडल्या. टोबॅगोबद्दल माझ्याकडे यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, समुद्र छान आहे.

एक गोष्ट लपवणार नाही. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी हा गंभीर प्रश्न आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिथे आणीबाणीही लागू झाली होती. आम्ही रात्री सवाना मैदानाभोवतीच्या टपऱ्यांवर कॉर्न सूप प्यायला गेलो ते काकांच्या गाडीतून, आणि ते शेजारी उभे असतानाच. पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत अंधार पडल्यावर जायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि आम्ही ऐकलं. स्थानिक माणसाचा सल्ला नसेल तर भूक दिवसाच भागवा. डबल्स तशीही सकाळचीच चांगली.

परतीच्या आदल्या दिवशी, भाड्याच्या घराची मालकीण पेलाव करत होती. जळत्या साखरेत चिकन परतून तांबूस करायचं, मग तांदूळ, नारळाचं दूध, ‘पिजन पीज’. मी डोकावून पाहिलं तर ताजे हिरवे तुरीचे दाणे. मी मूळची अमरावतीची. सोले, म्हणजे आमच्याकडचे हेच दाणे, आणि वडील शेतातून आणायचे ते ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं, दोन्ही एकदम आठवलं. तिने सासूबाईंसाठी चिकन न घालता वेगळं भांडं लावलं. न विचारता.

सासूबाई मे महिन्यात पुण्याला परत गेल्या. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवत होत्या, सोसायटीतल्या बायकांना बोलावून त्यांनी अळूची पानं गुंडाळून तळली होती, आत छोले आणि कैरीचा कीस भरून. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘अहो, अळूवडीत छोले कुठे घालतात? आणि खोबरं विसरलात वाटतं.’

सासूबाईंनी त्यांच्या ताटलीत अजून एक वाढली. ‘अळूवडी नाहीये ती. सहिना आहे. आणि खोबरं नसतंच त्यात.’