सात वर्षांची उधारी कशी वसूल करावी

एमिल फेरिस यांच्या 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' या चित्रकादंबरीचा दुसरा भाग हाती आला असेल, तर आधी बोटं मोजा. पहिला भाग फेब्रुवारी 2017, दुसरा मे 2024. ही सात वर्षं आपण हातावर हात ठेवून बसलो होतो, असं भेटेल त्याला सांगा. पहिल्यालाही उशीर झाला होताच. जहाज कंपनीचं दिवाळं निघालं आणि छापील प्रती पनामा कालव्यापाशी अडकल्या. तेव्हा तुम्हाला पत्ताही नव्हता, पण तो राग आता व्याजासकट काढा.

मग थेट शेवटचं पान. वरच्या मजल्यावरची आंका सिल्व्हरबर्ग गोळी लागून मेली, पोलीस म्हणतात आत्महत्या. आपल्याला खुनी पाहिजे, बाकी कशाशी देणंघेणं नाही. तपास करणारी तिची शेजारीण कॅरन दहा वर्षांची आहे, स्वतःला लांडग्याच्या तोंडाची रेखाटते, मोठ्यांचा ओव्हरकोट चढवून शिकागोत हिंडते. हिंडू दे. आंकाच्या आठवणींच्या कॅसेटी नाझी जर्मनीत नेतात, 1968च्या उन्हाळ्यात पोलीस निदर्शकांना बडवतात, ही सगळी भरताड. मधूनमधून भयकथांच्या मासिकांची मुखपृष्ठं लागतील. जाहिराती समजून ओलांडा. आपल्याकडे एसटी सुटताना उघडलेल्या रहस्यकथेत गाव यायच्या आत खुनी सापडायचा!

चित्रांपाशी रेंगाळू नका, फसाल. मी फसलो. रेघी वहीचं पान, त्यावर साधं बॉलपेन, आणि एका गालाच्या सावलीसाठी रेघांवर रेघा, आडव्या, उभ्या, तिरक्या, इतक्या की कातडी गरम असेल असं वाटावं. कॅरन संग्रहालयातलं चित्र बघत उभी राहते, तिच्या मागे मीही उभा. चहाचं पार पाणी झालं. बॉलपेनची रेघ खोडता येत नाही, असला विचार मनात आला की ताबडतोब पान उलटा.

फेरिसबाईंना आळशी म्हणायचं ठरलंच असेल, तर त्यांची माहिती वाचू नका. चाळिशीत वेस्ट नाईल विषाणूने कमरेखालचं अंग लुळं पडलं, चित्र काढायचा हातही गेला. लेकीने त्या हाताला पेन चिकटपट्टीने बांधलं, तिथून पुन्हा सुरुवात. अशाने तक्रारीची धार जाते. त्यापेक्षा 48 प्रकाशकांनी पहिला भाग नाकारला होता, एवढंच लक्षात ठेवा. जाणकार तिथेही आहेत.

दोन्ही भाग लागोपाठ वाचायची घोडचूक मात्र करू नका. पहिला मिटून दुसरा उघडला, तर पोरगी तेवढीच लहान, उन्हाळाही त्याच साली. मग सात वर्षांचं बिल फाडायचं कोणाच्या नावावर?