कायदा आपला बरा, साथ मात्र इथली

विल्यम कूपर हे नाव मला मेलबर्नला आल्यावर कळलं. यॉर्टा यॉर्टा या आदिवासी समाजाचे हे पुढारी पंचाहत्तरी उलटल्यावर, ६ डिसेंबर १९३८ला, आपल्या माणसांना घेऊन इथल्या जर्मन वकिलातीवर गेले. महिन्यापूर्वी जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली होती, सिनेगॉग जाळली होती, त्याचा निषेध करायला. वकिलातीने निवेदन घेतलंच नाही. संसदेत आपला प्रतिनिधी हवा म्हणून कूपर यांनी १,८१४ सह्यांचा अर्ज इंग्लंडच्या राजासाठी तयार केला होता. तोही ऑस्ट्रेलियन सरकारने त्याच वर्षी अडवून ठेवला. स्वतःच्या पदरी काही पडलेलं नसताना हा माणूस दुसऱ्यांसाठी उठला.

इथल्या ज्यू समाजाने त्याची जाण ठेवली आहे, आणि ती नुसती हारतुऱ्यांपुरती नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मेर बेटावरच्या एडी माबो आणि त्यांच्या साथीदारांनी १९८२मध्ये जमिनीच्या हक्कासाठी दावा लावला, तेव्हा मेलबर्नचे ज्यू बॅरिस्टर रॉन कॅस्टन त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला दहा वर्षं चालला. माबो निकालाआधीच, जानेवारी १९९२मध्ये गेले. जूनमध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की गोरे येण्याआधी ही जमीन बेवारस नव्हती.

कूपर यांच्या यॉर्टा यॉर्टांची जमिनीच्या हक्काची केस मार्क लायब्लर या ज्यू वकिलाच्या फर्मने फी न घेता लढवली. ती हरली. वडीलधाऱ्यांनी कोर्टात सांगितलेल्या गोष्टींपेक्षा एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराच्या लिखाणाला १९९८मध्ये न्यायाधीशांनी जास्त वजन दिलं. २००२च्या अपिलातही तेच कायम राहिलं.

हे वाचताना मला जंगलात राहणाऱ्यांचे जमिनीवरचे हक्क मानणारा आपला २००६चा वनहक्क कायदा आठवतो. त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. यॉर्टा यॉर्टांना हे मिळालं असतं तर! गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवला. तरी गावाकडच्या गप्पांत अजून ऐकू येतं, ‘जंगलं वाटून टाकली, सगळं अतिक्रमण आहे.’ फेब्रुवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायला सांगितलं आणि लाखो कुटुंबांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. पंधरवड्यात स्थगिती मिळाली म्हणून निभावलं. पण दावा का फेटाळला हे समजून घेऊन अपील लिहून द्यायला आपल्यातले किती शिकलेले गेले? काही कार्यकर्ते वर्षानुवर्षं हे करत आहेत, पण त्यांच्यामागे समाज म्हणून आपण नाही.

इथल्या मराठी मंडळींचंही तेच. ऑक्टोबर २०२३च्या सार्वमतात आदिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारी स्वतःची समिती द्यायची की नाही, हा प्रश्न होता. ज्यूंच्या प्रमुख संघटनेने उघडपणे ‘हो’ म्हटलं. समाजात मतभेद असूनही. प्रस्ताव पडला. आमच्याकडे मात्र ‘आपला काय संबंध’ यावरच विषय मिटला. अहो, आपण घर घेतलं ती जमीन कुणाची होती? संबंध तिथूनच सुरू होतो.

कॅस्टन माबोंचे नेते नव्हते. दावा बेटवासीयांचा, निर्णय त्यांचे. कॅस्टन यांनी आपलं शिक्षण त्यांच्या कामी लावलं. आपल्या मंडळात वकील आहेत, सर्वेक्षक आहेत, नकाशे वाचणारे आहेत. गडचिरोली-नंदुरबारच्या ग्रामसभांना विचारून, त्या सांगतील तेवढं काम इथून सुरू करता येईल. येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे.