गळ्याची शीर हलली पाहिजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

गाजलेल्या सिनेमाचं चांगलं संगीत नाटक होऊ शकतं, असं मी गेल्या लेखात 'सैराट' आणि 'पिंजरा'ची नावं घेऊन लिहिलं आणि तुम्ही त्याचा सडेतोड समाचार घेतलात. पन्नास वर्षं नाटक बघणाऱ्या माणसाने एवढं सविस्तर लिहावं याचा मला आनंदच झाला. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. हा प्रकार म्हणजे उष्टं ताट पुन्हा वाढणं. किर्लोस्कर-देवलांच्या संगीत नाटकाशी त्याचं नातं जोडणं हा त्या परंपरेचा अपमान. कॅमेऱ्याचं काम रंगमंचाला जमणार नाही, आणि कुठे जमलंच तर ते मुंबईत. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात येणार ते टेपवर ओठ हलवणारं काहीतरी. शेवटी तुम्ही विचारलंत, "ताई, 'सैराट' स्टेजवर करून दाखवणार कसा?"

आधी टेपचं बोलू, कारण तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. दोनेक वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेचा प्रयोग आला होता. गाजलेल्या चित्रपटाची गोष्ट, त्यातलीच गाणी. मी तिसऱ्या रांगेत होते. नायिका नऊवारीत, शेवटचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, स्पीकरमधून सभागृहभर घुमतोय आणि तिच्या गळ्याची शीर जागची हलत नाही. ओठ बरोबर, हात बरोबर, गळा गप्प. मी पेटीवर साथ करते. गाणारा वर जायला लागला की त्याच्या मानेकडे बघूनच मी भाता सांभाळते. त्या दिवशीही सवयीने नजर मानेवर गेली, आणि त्या प्रयोगावरून माझं मन जे उडालं ते उडालंच. सिनेमात चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा हे आपण कधीचंच मान्य केलंय, कारण तिथे सगळं आधीच घडून गेलेलं असतं. नाटकात ते आत्ता, आपल्यासमोर घडावं लागतं. म्हणून तर आपले लोक पदाला वन्समोअर देत होते. रीळ कितीही आवडलं तरी त्याला वन्समोअर देऊन काय होणार?

पण याच कारणासाठी मला 'मुघल-ए-आझम'चं नाटक भावलं. १९६०चा के. आसिफ यांचा सिनेमा, फिरोज अब्बास खान यांनी २०१६मध्ये मुंबईत एनसीपीएच्या रंगमंचावर आणला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मी तो बघायला गेले होते. तिथे अनारकलीचं काम करणारी अभिनेत्री स्वतः गात होती. ओळ संपवून तिने घेतलेला श्वास माईकमधून ऐकू आला आणि माझ्या अंगावर काटा आला. 'प्यार किया तो डरना क्या' मी शेकडो वेळा ऐकलंय, आणि लताबाईंच्या गाण्याशी तुलना करण्याचं माझ्या मनातही येणार नाही. पण बादशहासमोर उभी राहून हे बोलणारी मुलगी खरोखर घाबरलेली असू शकते, हे मला त्या श्वासामुळे पहिल्यांदा कळलं. शीशमहालाच्या आरशांमधून दिसणाऱ्या शेकडो अनारकली कॅमेऱ्यानेच दाखवाव्यात. एका अनारकलीचा दम मात्र रंगमंचावरच ऐकू येतो.

आता उष्ट्या ताटाबद्दल. त्या सिनेमाचं मूळच मुळी नाटकात आहे, इम्तियाज अली ताज यांच्या १९२२च्या 'अनारकली'त. नाटकाचा सिनेमा झाला आणि सिनेमाचं पुन्हा नाटक झालं. आपल्याकडे 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७चं नाटक २०१५ला पडद्यावर आलं, त्यात नवी गाणी घातली, गोष्टीतही बदल केले. तेव्हा त्याला कुणी उष्टं म्हटलं नाही, उलट तरुण मुलं नाट्यपदं गुणगुणायला लागली. मग उलट दिशेच्या प्रवासालाच सोवळं का? आणि किर्लोस्करांचंच घ्या. १८८०ला 'शाकुंतल', १८८२ला 'सौभद्र'. सुभद्रा कुणाच्या गळ्यात माळ घालणार हे थिएटरात शिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोक गोष्ट ऐकायला जात नव्हते, तिच्यातली पदं ऐकायला जात होते. गोष्ट माहीत असली की गाण्याला सवड मिळते. पुराणांनी तेव्हा जे काम केलं ते आज गाजलेले सिनेमे करू शकतात, असं मला मनापासून वाटतं. यात अपमान कुठे आहे, ते मला खरंच दिसत नाही.

कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ब्रिटनमधल्या १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपावर बेतलेला 'बिली इलियट' हा सिनेमा २०००मध्ये आला. खाणकामगाराचा पोरगा बॅले शिकतो, बाप आणि भाऊ संपावर. त्याच दिग्दर्शकाने, स्टीफन डाल्ड्री यांनी, २००५ला लंडनमध्ये त्याचं संगीत नाटक केलं आणि ते अकरा वर्षं चाललं. मी त्याचं चित्रीकरण पाहिलंय. सिनेमातली गाणी त्यांनी सोडून दिली आणि एल्टन जॉन यांच्याकडून नवी गाणी करून घेतली. त्यात एका गाण्यात संपकरी, पोलीस आणि बॅलेच्या वर्गातल्या चिमुरड्या मुली एकाच वेळी रंगमंचावर असतात. पोलिसांच्या ढाली आणि मुलींचे झगे एकमेकांत मिसळतात, एकाच तालात. सिनेमाला इकडचं एक दृश्य आणि तिकडचं एक दृश्य असं जोडत जावं लागतं. इथे संप आणि नाच शेजारी शेजारी उभे राहतात आणि कुणाकडे बघायचं ते आपण ठरवतो.

माझे आजोबा सोलापुरात गिरणीत होते. भोंगा बंद झाल्यावरही कितीतरी दिवस ते त्याच वेळेला उठून बसायचे, असं आजी सांगायची. ते गाणं बघताना मला आपलं गाव दिसत होतं. यंत्रमागाच्या खटखटीवर कुणी लेझीम बसवून बघितलंय का आपल्याकडे? माझ्या डोक्यातून ते जात नाही.

'सैराट'बद्दल तुमचं बरोबर आहे, मी चुकले. करमाळ्याकडचा सिनेमा, आपल्या मातीतला, म्हणून मी उत्साहात त्याचं नाव लिहून गेले. तुम्ही विचारल्यावर पुन्हा बघितला. 'याड लागलं' परश्या गात नाही, कॅमेरा त्याच्यासाठी गातो. तो धावतो, विहिरीत उडी मारतो, आणि ती धाव कॅमेऱ्याने लांबवलेली आहे. त्याला रंगमंचावर उभं करून गायला लावलं तर त्याचं वेडच उतरेल. आणि शेवट! आवाज बंद होतो आणि त्या लेकराची इवली पावलं उमटत जातात. विसाव्या रांगेतून ती कुणाला दिसणार? मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावून दाखवायची म्हटलं तर मग नाटक कशाला करायचं? तो सिनेमाच राहू दे.

'पिंजरा'बद्दल मात्र मी मागे हटणार नाही, आणि ते मुंबईत नव्हे, इथेच व्हावं असं म्हणते. १९७२चा तो सिनेमा तुम्ही किती वेळा पाहिला असेल! त्यातल्या लावण्या तमाशाच्या फडावरच घडतात, म्हणजे गाण्याला नाटकात शिरायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. भव्य सेटही नको. 'मुघल-ए-आझम'च्या त्याच दिग्दर्शकाने १९९२मध्ये 'तुम्हारी अमृता' दोन माणसांच्या पत्रवाचनावर उभं केलं होतं. 'संगीत देवबाभळी' दोघीजणींनी गाऊन पेललं. आपल्याला एक ढोलकी, एक पेटी, तुणतुणं आणि खरोखर गाणारी चंद्रकला, म्हणजे त्यातली तमासगीर नायिका, पुरेल. अकलूजच्या लावणी स्पर्धा आणि मोडनिंबचे फड असलेला हा जिल्हा, इथे तशी मुलगी मिळणार नाही असं तुम्हीही म्हणणार नाही.

सिनेमा बघताना चंद्रकलेच्या आणि आपल्यामध्ये पुढच्या रांगेतले फेटे असतात. हुतात्मामध्ये ते फेटे आपलेच. ती आपल्यासमोर नाचतेय, आपण शिट्ट्या मारतोय, आणि सभागृहाचं मागचं दार उघडून गावाचे आदर्श मास्तर तमाशा बंद पाडायला येतात, ते आपल्या खुर्च्यांमधून चालत. ते आपल्यालाच उठवायला आलेले असतात. दोन तासांनी तेच मास्तर तुणतुणं धरून फडाच्या मागच्या ओळीत उभे असतात आणि आपण अजून त्याच खुर्चीत बसलेले असतो. हे पडद्यावर होत नाही, काका. तुम्ही डोळे मिटून एकदा बघा, आणि तरीही ते उष्टं वाटलं तर पुन्हा लिहा.