‘एक्स’ म्हणजे प्रयोग? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भारतीय रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांच्या वर्गीकरणावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. ब्रॉडगेजसाठी ‘डब्ल्यू’ हे अक्षर स्वातंत्र्यानंतर आले, हे माझे विधान आपल्याला चुकीचे वाटते. वर्ग चाकांच्या रचनेवरून ठरवायला हवे होते, असे आपले मत आहे. आणि ‘एक्स’ म्हणजे प्रायोगिक, म्हणून एक्सए, एक्सबी इत्यादी इंजिने नियमित वर्गांत धरू नयेत, असे आपण म्हणता.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. व्हल्कन फाउंड्री या ब्रिटिश कारखान्याने १९३९ मध्ये नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी चार डब्ल्यूएल इंजिने बांधली होती. फाळणीत ती चारही पाकिस्तानकडे गेली आणि १९५५ मध्ये आलेल्या निराळ्या इंजिनांना तेच नाव पुन्हा मिळाले. माझ्यासमोर हा दुसरा डब्ल्यूएलच होता, म्हणून चूक झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. तेवढ्यावरून प्रत्येक ‘डब्ल्यू’ गेज सांगतो असे मात्र समजू नये, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि कॅनडातून आलेल्या एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी या इंजिनांच्या नावातला ‘डब्ल्यू’ ‘वॉर’चा, म्हणजे युद्धाचा आहे.

चाकांच्या रचनेबद्दल थोडक्यात सांगतो. एक्सबी, एक्ससी आणि डब्ल्यूपी (प्रवासी गाड्यांचे ‘डब्ल्यू’ इंजिन) ही तिन्ही ४-६-२ रचनेची (पुढची, मधली चालक आणि मागची चाके या क्रमाने), तर एक्सडी, एक्सई आणि डब्ल्यूजी (मालगाड्यांचे) ही तिन्ही २-८-२ रचनेची इंजिने आहेत. रचना एकच असली तरी त्यांची वजने वेगळी, म्हणून रचनेवरून नावे दिली असती, तर कोणते इंजिन कोणत्या मार्गावर चालेल, हा शेडमधला रोजचा प्रश्न तसाच राहिला असता.

‘एक्स’चा मुद्दा मात्र मला सविस्तर मांडावासा वाटतो. जुन्या कंपन्यांची अक्षरे ज्याची त्याची होती. बार्शी लाइट रेल्वेच्या ‘ए’ वर्गातील ०-८-४ रचनेच्या टँक इंजिनाचा आणि एक्सएमधल्या ‘ए’चा काही संबंध नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश मानकांनुसार इंजिने येऊ लागली, तेव्हा नाव कामावरून पडले. एसपीएसमधला पहिला ‘एस’ स्टँडर्डचा, ‘पी’ पॅसेंजरचा आणि शेवटचा ‘एस’ अतितप्त वाफेचा. इंजिनांची मानके ठरवणाऱ्या १९२४ च्या समितीनंतर आलेल्या मानक इंजिनांत ही पद्धत बदलली: एक्स ब्रॉडगेज (पुढे याच्या जागी ‘डब्ल्यू’ आला), वाय मीटरगेज, झेड अडीच फुटी नॅरोगेज, आणि पुढचे अक्षर केवळ क्रमाचे. प्रवासी गाड्यांसाठी हलके एक्सए, मध्यम एक्सबी, जड एक्ससी. मालगाड्यांसाठी एक्सडी आणि एक्सई. ‘एक्स’ जर प्रयोगाचा असेल, तर शेजारच्या वायबी आणि झेडबीमधील पहिली अक्षरे कशाची, हे आपल्या अर्थाने सांगता येणार नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, एक्सबीच्या बाबतीत पुरेसा प्रयोग झालाच नाही. हलक्या प्रतीचा कोळसा जाळता यावा म्हणून रुंद भट्टीची ही इंजिने पुरेशा चाचण्यांआधीच मोठ्या संख्येने मागवली गेली, आणि वेगात त्यांचे आडवे हेलकावे रुळांना पेलेनात. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे एक्सबी जोडलेली एक्स्प्रेस घसरून शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पॅसिफिक (म्हणजे ४-६-२ रचनेच्या) इंजिन समितीत विल्यम स्टॅनियर यांच्यासारखे नामवंत इंजिन अभियंते होते. त्या माणसांच्या मृत्यूची नोंद वर्गीकरणाच्या इतिहासातही असायला हवी असे मला वाटते, आणि म्हणूनच एक्सबीला ‘प्रायोगिक’ म्हणून बाजूला काढणे मला पटत नाही.

खरे प्रयोग झाले ते निराळे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेसाठी १९३७ मध्ये बांधलेली दोन एक्सपी इंजिने त्यांपैकी, आणि त्यांचा अनुभव डब्ल्यूपीच्या आखणीत उपयोगी पडला. डब्ल्यूपीची मोठी मागणी नोंदवण्याआधी १९४७ मध्ये बाल्डविन या अमेरिकी कंपनीकडून सोळाच इंजिने आणली गेली. ती नमुन्यादाखल आहेत हे सांगण्यासाठी पहिल्या अक्षराला हात न लावता शेवटी आणखी एक ‘पी’ (प्रोटोटाइपचा) जोडला गेला: डब्ल्यूपी/पी.