रिव्ह्यूअर देता का रिव्ह्यूअर!

शोधपत्रिकेची सहसंपादक झाले तेव्हा वाटलं, आता विद्वानांच्या लेखनाचा निवाडा आपल्या हाती. निवाडा दूरच राहिला, पदर पसरण्यातच दिवस जातात.

मुख्य संपादक एखादा शोधनिबंध माझ्याकडे ढकलतात आणि हात झटकतात. त्याला निदान दोन रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी तो तपासून अभिप्राय देणारे त्या विषयातले जाणकार, मिळवायचे. फुकट. मीही फुकटच राबते, त्यामुळे मागताना लाज वाटू नये, तरी वाटते. त्यातल्या त्यात पुण्यवान माणूस म्हणजे तासाभरात 'जमणार नाही' कळवणारा. 'आनंदानं करेन' म्हणून अंतर्धान पावणारे खरे छळवादी. मग संगणकप्रणाली माझ्या नावानं त्यांना स्मरणपत्रं धाडत राहते, दर वेळी आधीच्याहून अधिक नम्र. उत्तर येतं तेही संगणकाचंच: 'मी सध्या रजेवर आहे.' दोन यंत्रांचा असा सुसंवाद माणसांत क्वचितच आढळतो.

आणि हेच गृहस्थ लेखक झाले की काय चपळाई! निबंध पाठवून पंधरवडा उलटत नाही तोच 'माझ्या लेखाचं काय झालं?' हिशेब सरळ आहे हो: तुमचा एक निबंध दोघातिघांचा वेळ खातो, तेवढा तुम्ही कुणाला तरी परत द्यायला नको? पण हे गणित मोठमोठ्या गणितज्ञांनाही सुटत नाही.

अखेर अभिप्राय येतात. पहिला दोन ओळींचा: 'उत्तम. छापा.' दुसरा चार पानी: पद्धत चुकली, नमुना अपुरा, इंग्रजी सुधारा, शिवाय पुढील सात निबंधांचा उल्लेख हवाच. सातही निबंधांत एक नाव समान असतं. ते कुणाचं, हे गुप्त ठेवणं माझं कर्तव्य. एक म्हणतो स्वीकारा, दुसरा म्हणतो नाकारा. म्हणजे तिसरा शोधा. पुन्हा पदर.

नकार मिळालेले लेखक काय लिहितात ते सोडा. १९३६ साली 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी खुद्द आइन्स्टाइन यांचा गुरुत्वीय लहरींवरचा निबंध परीक्षकाकडे पाठवला, तर आइन्स्टाइन भडकले. छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवायला मी सांगितलं नव्हतं, असं सुनावून त्यांनी निबंध मागे घेतला. गंमत म्हणजे परीक्षकाचं बरोबर होतं. पुढे तो निबंध निष्कर्ष बदलून दुसरीकडे छापला गेला. मला मात्र त्या परीक्षकाचाच हेवाही वाटतो आणि मोहही पडतो: दहा पानी अभिप्राय, तोही मुद्देसूद! असा माणूस आज सापडला तर मी त्याचा पत्ता इतर संपादकांना कळू देणार नाही.

परवाच एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी वेळ नाही म्हणून नकार दिला, पण रिकाम्या हातानं पाठवलं नाही. 'या विषयातला यांच्याइतका जाणकार दुसरा नाही, निःसंकोच विचारा,' म्हणून एक नाव सुचवलं. आमच्याकडे लेखकाचं नाव रिव्ह्यूअरपासून लपवलेलं असतं. त्यांनी सुचवलेलं नाव त्याच निबंधाच्या लेखकाचं होतं. आभार मानले आणि पुढचा पत्ता शोधायला घेतला. खरं तर त्या लेखकानं वेळेवर उत्तर तरी दिलं असतं.